मानेवरची गाठ आणि १११ दिवस

२२ सप्टेंबर २०२३, गौरीपूजनाचा दिवस. ठुशीचा गोंडा मानेमागे बांधताना बोटाला उजव्या बाजूला गाठ लागली. बोराएवढी, दाबली तर जरा सरकणारी, अजिबात न दुखणारी. दोरी थोडी सैल केली आणि पुरणाच्या गडबडीत लागले. त्या गाठीवरच्या औषधाची पहिली गोळी मी घेतली ११ जानेवारी २०२४ ला. मधल्या १११ दिवसांबद्दल लिहितेय, कारण तेव्हा रात्री सगळे झोपल्यावर मी फोनवर मराठीत कुणी असं काही लिहिलंय का ते शोधत बसायचे आणि हाती फारसं काही लागायचं नाही.

मी पुण्यात सिंहगड रोडला राहते, वय ३६, एका पतसंस्थेत नोकरी. घरी नवरा, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई. मला झाला होता तो मानेतल्या गाठींचा टीबी. खोकला एक दिवसही नव्हता. टीबी म्हणजे खोकला आणि छाती, एवढंच डोक्यात असल्यामुळे तो शब्द मला तीन महिने सुचलाच नाही.

२५ सप्टेंबरला फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी घसा, दात, कान पाहिले आणि पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. मानेतल्या बहुतेक गाठी साध्या संसर्गाने येतात आणि आठवडा-दोन आठवड्यांत बसतात, त्यामुळे ते चुकले असं मला आजही वाटत नाही. गाठ तशीच राहिली म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परत गेले. या वेळी दुसरं अँटिबायोटिक मिळालं, लिव्होफ्लॉक्सॅसिन, दहा दिवस. हे नाव मुद्दाम लिहितेय. हे औषध टीबीच्या जंतूंवरही थोडंफार चालतं, औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत ते वापरतातच. त्यामुळे नुसतं तेच घेतलं तर आजार काही दिवस दबल्यासारखा होतो आणि निदान लांबतं. माझी गाठ खरोखरच जरा लहान झाली. मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्यात माझे तीन आठवडे गेले. दोन आठवड्यांहून जुनी गाठ असेल तर हे औषध सुरू करण्यापूर्वी ‘टीबी असू शकेल का?’ एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.

नवरात्रात वजन उतरलं. उपासांमुळे असेल असं मी धरून चालले. ऑफिसात सगळ्या म्हणायच्या, “किती छान बारीक झालीस गं!” संध्याकाळी पाचच्या सुमाराला अंगात कसर यायची, डोळे जळजळायचे, रात्री उशी ओली व्हायची. दसऱ्याला, २४ ऑक्टोबरला, गाठ पुन्हा वाढलेली होती आणि तिच्याखाली दुसरी लागत होती. सासूबाईंनी सोनं दिल्यावर माझ्या मानेला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, “ही गंडमाळ तर नव्हे? आमच्या गावाकडे एकीला होती, पुढं फुटून वाहायला लागली.” मी म्हटलं, “आई, आता कुठे असतं ते.” हे वाक्य मी परत घ्यायला तयार आहे. गंडमाळ म्हणजेच मानेच्या गाठींचा टीबी, हे मला डिसेंबरात कळलं.

तिसऱ्या खेपेला फॅमिली डॉक्टरांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांची चिठ्ठी दिली. मध्ये दिवाळी आली. नंबर मिळाला २० नोव्हेंबरचा. तिथून पुढे पहिले काही दिवस भराभर गेले: २२ ला मानेची सोनोग्राफी, १,८०० रुपये. रिपोर्टमध्ये एकमेकींना चिकटलेल्या बऱ्याच गाठी आणि काहींच्या आत पोकळ झालेला भाग. २४ ला सुईने नमुना काढला, ज्याला एफएनएसी म्हणतात, १,५०० रुपये. २८ ला रिपोर्ट आला की नमुन्यात फक्त रक्त आलंय, निदानाला अपुरा. म्हणजे एक अख्खी गाठ काढून तपासायची.

बायोप्सीच्या मंजुरीसाठी कागद विमा कंपनीकडे गेले आणि पाच दिवसांनी उत्तर आलं की केवळ तपासणीसाठी दवाखान्यात दाखल होणं पॉलिसीत बसत नाही. पॉलिसीच्या कागदात खरंच तसं कलम आहे, मी नंतर वाचलं. तुम्हीही आधी वाचा. आम्ही पैसे भरायचे ठरवले, आणि हे आधी कळलं असतं तर त्या पाच दिवसांची वाट पाहावी लागली नसती.

७ डिसेंबर, गुरुवार. एका खासगी रुग्णालयात सकाळी आठला दाखल, दुपारी घरी. बिल २४,५००. या दिवसातली एक गोष्ट मला नीट सांगायची आहे.

मी अजून गुंगीत होते. नवऱ्याला ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बोलावलं आणि त्याच्या हातात प्लॅस्टिकची एक छोटी बरणी दिली. आत पाण्यासारखं द्रव आणि त्यात चिंचोक्याएवढा पिवळट-गुलाबी तुकडा. बरणीवर माझं नाव लिहिलेली पट्टी. “हे लगेच लॅबमध्ये द्या,” असं सांगितलं. त्याने बरणी रुमालात गुंडाळली, वरून कॅरीबॅग, ती स्कूटरच्या हँडलला अडकवली आणि एका हाताने धरून, जिवापाड जपत लॅबमध्ये नेली. पुढे महिनाभर तो म्हणत होता की मी सांडलं नाही, हलवलं नाही, वेळेत दिलं, तरी कसं चुकलं?

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. बरणीतलं द्रव होतं फॉर्मॅलिन. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला तेच योग्य, कारण त्यात पेशी आहेत तशा टिकतात. पण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. त्या तुकड्यातून मग टीबीचा जंतू वाढवून पाहता येत नाही, म्हणजे कल्चर होत नाही. सीबीनॅट नावाची जी चाचणी जंतूचा अंश शोधते आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्यावर चालेल की नाही तेही सांगते, तीही अशा नमुन्यावर करत नाही असं आम्हाला लॅबने सांगितलं. तुकड्याचा अर्धा भाग दुसऱ्या निर्जंतुक बरणीत साध्या सलाईनमध्ये ठेवला असता तर सगळं एकाच दिवशी झालं असतं.

म्हणून एवढं एक वाक्य पाठ करून ठेवा. शरीराच्या कुठल्याही भागातून गाठीचा किंवा हाडाचा तुकडा काढणार असतील आणि टीबीची थोडीशीही शंका असेल, तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विचारा: “अर्धा नमुना सलाईनमध्ये पाठवणार ना?” एकदा डॉक्टरांना विचारा आणि एकदा बरणी हातात देणाऱ्या सिस्टरना. राग आला तर येऊ दे.

१४ डिसेंबरला रिपोर्ट मिळाला. टीबीकडे बोट दाखवणारे सगळे बदल होते, प्रत्यक्ष जंतू मात्र दिसला नव्हता. रिपोर्ट घेऊन मी लॅबच्या पायरीवर बसले आणि रडले. भीतीने रडले हे खरं, पण कॅन्सर नाही म्हणूनही रडले. नोव्हेंबरपासून तो शब्द मी कुणाजवळ उच्चारला नव्हता.

छातीरोगतज्ज्ञांचा नंबर २१ डिसेंबरचा. त्यांनी रिपोर्ट वाचला, मान तपासली आणि पहिलाच प्रश्न केला, “सीबीनॅट कुठंय?” आम्ही बरणीची गोष्ट सांगितली. ते क्षणभर थांबले. मग समजावून म्हणाले, “औषध आजही सुरू करता येईल. पण तुमचा जंतू नेहमीच्या औषधाला दाद देतो की नाही, हे माहीत नसताना सुरू करायचं. दुसऱ्या गाठीत पू झालाय, तो सुईने येईल. तेवढं करून घेऊ.” छातीचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ होता. “तुमच्यापासून घरात कुणाला लागण होणार नाही, मुलीला जवळ घेऊन झोपा,” हेही त्यांनी आपणहून सांगितलं. आठवडाभर मी तिला जवळ घेतलं नव्हतं. ते वाक्य ऐकून नवऱ्याने माझा हात घट्ट धरला.

इथवर माझे ३४,४०० रुपये खर्च झाले होते. डॉक्टर म्हणाले, यापुढे खासगीत पैसे घालू नका, सरकारी केंद्रात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे, आणि औषध तेच आहे. २०१२ पासून टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, त्यामुळे नोंद होईल म्हणून लपवण्यात अर्थ नसतो. नोंदीमुळेच मोफत औषध मिळतं.

सरकारी केंद्रात गाठीतून नमुना घ्यायचा वार मंगळवार. २६ डिसेंबरला साडेआठला केसपेपर काढून रांगेत बसले. सव्वाअकराला कळलं की डॉक्टर रजेवर आहेत, पुढच्या मंगळवारी या. माझ्या शेजारी एक आजोबा होते, भोरहून एसटीने आलेले, मांडीखाली बऱ्याच दिवसांची गाठ. ते काही न बोलता उठले आणि डब्याची पिशवी खांद्याला लावून निघाले. रजा प्रत्येकाला लागते, मला त्याचं काही म्हणायचं नाही. पण त्यांची रजा सकाळी आठला माहीत असणार. तेव्हाच दारावर कागद लावला असता तर आजोबा अकराच्या आत परतीच्या गाडीत बसले असते.

२ जानेवारीला नमुना झाला. सुई टोचताच पिवळसर पू आला. निर्जंतुक डबी, त्यात फॉर्मॅलिन नाही. मी दोनदा विचारलं आणि सिस्टरनी शांतपणे दोनदा सांगितलं. सीबीनॅटचं मशीन दोन तासांच्या आत निकाल देतं. माझा रिपोर्ट हातात आला ८ जानेवारीला. टीबीचा जंतू सापडला, रिफाम्पिसिनला दाद देणारा. आनंदाची बातमी होती. रिपोर्ट घडी घालताना खालच्या कोपऱ्यातली तारीख दिसली: ३ जानेवारी. म्हणजे निकाल दुसऱ्याच दिवशी तयार होता आणि पुढचे पाच दिवस कागद सहीच्या आणि पोचवण्याच्या वाटेवर होता. त्या पाच दिवसांत मी रोज फोन केला होता आणि रोज ‘अजून आला नाही’ हे उत्तर मिळालं होतं. रोज संध्याकाळी माझं अंग तापत होतं.

यावर एक उपाय मला नंतर कळला. नमुना देतानाच तुमचं नाव ‘निक्षय’ या सरकारी पोर्टलवर घालून आयडी मागून घ्या. निकाल तिथे भरला जातो आणि तुमच्या घराजवळच्या दवाखान्यातल्या टीबीच्या कर्मचाऱ्यांना तो आयडी टाकून पाहता येतो. कागदासाठी थांबावं लागत नाही. शंका असेल तर निक्षयची मोफत हेल्पलाइन आहे, १८००११६६६६.

९ जानेवारीला घराजवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात गेले. टीबीची नोंद करणारे पर्यवेक्षक फिरतीवर, उद्या या. १० ला नोंद झाली. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, सगळ्या रिपोर्टच्या झेरॉक्स. तीन प्रती न्या, दोन पुरत नाहीत. एचआयव्हीची आणि साखरेची तपासणी टीबीच्या प्रत्येक रुग्णाची करतात, त्यात वावगं काही वाटून घेऊ नका. वजन भरलं ४६ किलो, सप्टेंबरात ५१ होतं. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. ३५ ते ४९ किलोला रोज तीन. एका गोळीत चार औषधं. पहिले दोन महिने ही गोळी, पुढचे चार महिने तीन औषधांची गोळी.

तिथल्या टीबीच्या ताईंनी मला अर्धा तास दिला. त्यांच्या टेबलावर रजिस्टरांचे ढीग होते, बाहेर माणसं उभी होती, तरी दिला. “उद्या लघवी केशरी होईल, घाबरायचं नाही. उपाशीपोटी घ्यायच्या, मळमळलं तर मला सांगायचं, पण मनाने बंद करायच्या नाहीत. डोळ्यांना अंधूक दिसायला लागलं, रंग नीट कळेनात, किंवा डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी यायचं.” स्वतःचा नंबर पाकिटावर लिहून दिला. या साऱ्या प्रवासात मी न विचारताही मला सगळं सांगणारी ती दुसरी व्यक्ती.

पहिले पंधरा दिवस जड गेले. गोळ्या घेतल्या की तासाभराने पोटात ढवळायचं, स्वयंपाकाच्या फोडणीचा वास सहन व्हायचा नाही. सासूबाईंनी डबा आणि सकाळचा स्वयंपाक स्वतःकडे घेतला, मी काही म्हणायच्या आत. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळची कसर थांबली. थर्मामीटर ९८ दाखवतोय हे मी तीनदा पाहिलं.

फेब्रुवारीच्या शेवटी मात्र जुन्या गाठीशेजारी नवी गाठ टरारून आली. औषध चालत नाही असं वाटून मी रात्रभर जागी होते. छातीरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितलं की गाठींच्या टीबीत उपचार चालू असताना असं बरेचदा होतं. मेलेल्या जंतूंना शरीर प्रतिक्रिया देतं, त्याने गाठ फुगते. औषध तेच चालू ठेवायचं. दोन महिन्यांत ती बसली. तुम्हाला असं झालं तर दाखवून या, पण आशा सोडू नका.

७ मार्चपासून तीन औषधांची गोळी सुरू झाली. त्याच महिन्यात देशभर टीबीच्या गोळ्यांचा तुटवडा पडला. १८ मार्चला केंद्र सरकारने राज्यांना पत्र लिहून कळवलं की पुरवठ्याला उशीर होईल, स्थानिक पातळीवर खरेदी करा. माझ्याकडे ३ एप्रिलपर्यंतच्या गोळ्या होत्या. ३ ला गेले तर आठवड्यापुरत्या मिळाल्या. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, १० एप्रिलला, ताईंनी कपाट उघडून दाखवलं. रिकामं होतं. त्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं. “सहा महिने रोज लोकांना सांगते एक दिवस चुकवू नका, आता मी काय सांगू?” त्यांनी डॉक्टरांकडून सुट्या औषधांची चिठ्ठी मिळवून दिली.

ती घेऊन मी टिळक रोड पालथा घातला, मग सदाशिव पेठ. एका ठिकाणी एक औषध होतं तर दुसरं नाही, दुसरीकडे मात्रा वेगळी. टीबीची औषधं विकताना दुकानदाराला रुग्णाचं नाव रजिस्टरात लिहावं लागतं, तो कायदाच आहे. एका दुकानात त्यांनी गर्दीत मोठ्याने विचारलं, “टीबी कुणाला आहे? तुम्हालाच का?” मी “हो” म्हटलं, तेवढ्याच मोठ्याने. बाजूच्या बाई दोन पावलं सरकल्या. १२ एप्रिलला सगळी औषधं जमली, दहा दिवसांची, ३४० रुपयांत. ११ आणि १२, दोन दिवस माझी गोळी चुकली. एप्रिलअखेर दवाखान्यात पुन्हा साठा आला. ज्यांना ३४० रुपये आणि दोन दिवसांची रजा जमणारी नव्हती त्यांचं त्या पंधरवड्यात काय झालं, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आणि भोरच्या आजोबांचा चेहरा त्याला जोडून येतो.

चुकलेल्या दिवसांबद्दल ताईंना खरं सांगितलं. तुम्हीही लपवू नका. त्यांनी कार्डावर नोंद केली आणि शेवटी दोन दिवस वाढवले. टीबीच्या रुग्णाला सरकारकडून पोषणासाठी महिना ५०० रुपये तेव्हा मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झालेत. माझा पहिला हप्ता एप्रिलमध्ये जमा झाला. खातं आधारला जोडलेलं नसेल तर तो अडकतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात बँकेत जाऊन तपासून घ्या.

या सगळ्या काळात एक सवय लागली, तीच मला सगळ्यांत उपयोगी पडली. मुलीच्या जुन्या वहीत मी रोज तीन गोष्टी लिहायचे: तारीख, आज कुणाला विचारलं, त्यांनी पुढची तारीख कोणती दिली. कुठलंच केंद्र, कुठलाच दवाखाना तुमचे एकूण दिवस मोजत नाही. प्रत्येकाकडे तुम्ही आठवडाभरच थांबलेल्या असता. छातीरोगतज्ज्ञांसमोर ती वही ठेवली तेव्हा सप्टेंबरपासूनची बेरीज पहिल्यांदा कुणीतरी एका नजरेत पाहिली, आणि त्यांनी त्याच दिवशी फोन करून मला सरकारी केंद्रातला वार मिळवून दिला.

शेवटची गोळी २८ जून २०२४ ला, शुक्रवारी. त्याच दिवशी देहूहून तुकोबांची पालखी निघाली. वजन ५२ किलो. दवाखान्यात रिकामी पाकिटं परत केली, ताईंनी कार्डावर ‘उपचार पूर्ण’ असा शिक्का मारला आणि मला चहा पाजला. रविवारी पालख्या पुण्यात आल्या, तेव्हा लेकीला खांद्यावर घेऊन मी दोन तास उभी होते.

उपचार संपल्यावरही दोन वर्षं दर सहा महिन्यांनी दाखवायचं असतं. पहिली खेप डिसेंबर २०२४ मध्ये झाली, मान स्वच्छ आहे. बायोप्सीच्या जागी बोटभर लांबीची फिकट रेघ आहे. उपचार संपल्यानंतरच्या गौरींना ठुशी घातली तेव्हा सासूबाईंनी गोंडा स्वतः बांधला आणि बांधण्याआधी दोन्ही बाजूंनी मान चाचपून पाहिली.